दत्ताभाऊ, मंगेशला का घेतलंत?

दत्ताभाऊ,

तुमच्या शोकसभेत एक घोटाळा झाला, तो आधी सांगते. कुवेतच्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. तुमची-त्यांची फारशी ओळख नव्हती, त्यामुळे ते फार छान बोलले. दिलदार माणूस, कोल्हापूरचा रांगडा गडी, अडल्यानडल्याला धावून जाणारा. इथपर्यंत आम्ही सलवा टीमची मंडळी मागच्या रांगेत बसून डोळे पुसत होतो. मग ते तुमच्या फोटोकडे वळून म्हणाले, "दत्ताजींची माणसांची पारख कधीच चुकली नाही. विशेषतः फुटबॉलमध्ये."

आमची अख्खी रांग एकदम खाली बघायला लागली. आमच्या ह्यांनी रुमाल तोंडात कोंबला. माझे खांदे हलायला लागले ते थांबेचनात. पुढच्या बाईंना वाटलं मला हुंदका आवरत नाहीये, त्या उठून आल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. त्याने आणखीच पंचाईत झाली. आणि मंगेश कुठे होता माहितीये? पहिल्या रांगेत, तुमच्या फोटोसमोर. त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. हसा, पण जरा बेताने, असं त्याला म्हणायचं असावं.

भाऊ, तुम्ही गेलात ते गेलात, पण भांडण अर्धवट टाकून गेलात, याचा मला फार राग आलाय. मेल्या माणसाशी भांडता येत नाही म्हणतात. बघू या.

मुळात ड्राफ्ट ही कल्पना तुमचीच. इथल्या मराठी लोकांच्या या फुटबॉल स्पर्धेत प्रत्येक वस्तीची एक टीम, आणि आधी नुसती पळवापळवी चालायची. सलवाचा गोलकीपर बिर्याणी खाऊन फहाहीलचा व्हायचा आणि फहाहीलचा बॅक कुणाच्या तरी मेहुण्याच्या शब्दाखातर आपला. शेवटी तुम्ही सभेत उठून म्हणालात की सगळ्या खेळाडूंची नावं एकत्र ठेवा, चिठ्ठ्या टाका, आणि जिचा नंबर लागेल त्या टीमने एकेक नाव घ्यावं. वर आणखी नियम घातलात की ज्याला पहिला घेतला त्याला तीन वर्षं सोडायचं नाही. कुणीतरी विचारलं, का? तर तुम्ही म्हणालात, "माणूस म्हंजे काय मेथीची जुडी हाय व्हय, नासली म्हणून टाकून द्यायला?" टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या. त्या टाळ्यांचं फळ आम्ही पुढे किती वर्षं खाल्लं!

त्या वर्षी पहिली चिठ्ठी सलवाची निघाली. घ्यायचं नाव कुणाला माहीत नव्हतं? केदार. डोंबिवलीचा, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा, डाव्या पायाने बॉल असा घेऊन जायचा की समोरचा बॅक त्याच्या पायाकडे न बघता स्वतःच्याच पायाकडे बघत राहायचा. आपण तुमच्या घरी बसून ठरवलं होतं. तुम्ही मान डोलावली होती. शोभावहिनींनी चहा दिला होता. मी साक्षीला होते.

आणि मग ड्राफ्टच्या दिवशी सकाळी तुम्ही सलवाच्या समुद्रावर फिरायला गेलात. सगळा घात त्या समुद्राने केला. तिथे वाळूवर मालवणकडची चार पोरं अनवाणी फुटबॉल खेळत होती, आणि त्यात शुऐबाच्या प्लांटवर पाइप जोडणारा मंगेश होता. तुम्ही म्हणे तासभर उभे राहून बघत होतात. दुपारी ड्राफ्टसाठी एका इमारतीच्या तळघरात सगळे जमले, सलवातर्फे तुमचं नाव पुकारलं, तुम्ही उठलात, शर्ट खाली ओढलात आणि म्हणालात, "मंगेश."

तळघरात कुणाला काही कळेना. यादीच्या तळाशी नाव असलेल्या मंगेशलाही कळेना, त्याने इकडेतिकडे दुसरा कुणी मंगेश आहे का ते पाहिलं. तेवढ्यात फहाहीलवाल्यांनी केदारचं नाव इतक्या घाईने घेतलं की त्यांच्या माणसाला ठसका लागला.

मी तुमच्या कानाशी येऊन विचारलं, "भाऊ, हा कोण?"

"वहिनी, पाय बघा त्याचे."

"पाय सगळ्यांनाच असतात."

"आवो, जीव हाय त्या पायात! कोल्हापुरात पेठेतली म्हातारी माणसं पोरगं चालताना बघून सांगत्यात, ह्यो खेळणार का न्हाई. मला कळतं त्यातलं. तुम्ही पुण्याच्या."

हे 'तुम्ही पुण्याच्या' तुमचं ठेवणीतलं अस्त्र होतं. माझ्याकडे त्यावर पुष्कळ उत्तरं होती, पण समोर मंगेश हात बांधून उभा होता, म्हणून गिळली.

एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नव्हती. आपली स्पर्धा टर्फवर होते, आणि टर्फवर बुटांशिवाय कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत. मंगेशने जन्मात फुटबॉलचे बूट घातले नव्हते. प्लांटवरचे जड बूट घालायचा, पण ते काय, त्यात चालायचं असतं. त्याचा पाय म्हणजे होडीचं वल्हं. तुम्ही त्याला घेऊन दुकानं पालथी घातलीत. जो बूट लांबीला बसे तो रुंदीला अडे. शेवटी दोन नंबर मोठे आणलेत आणि पुढे कोंबायला कापूस मागायला माझ्याकडे आलात. घरात वातींचा कापूस होता तेवढाच. देवाच्या नंदादीपाचा कापूस मी सलवाच्या विजयासाठी दिला, भाऊ, आणि देवाने तो मनाला लावून घेतला असणार.

वाळूवर हरणासारखा धावणारा तो मुलगा बूट घातल्यावर असा चालायला लागला, जशी लग्नात नव्या चपला चावलेली नवरी. बॉल यायचा, तो आधी बुटाकडे बघायचा, मग बॉलकडे, आणि तोपर्यंत बॉल फहाहीलकडे गेलेला असायचा. तरी पेनल्टी मिळाली तेव्हा तुम्ही ओरडलात, "मंगेशला द्या!" त्याने लांबून धाव घेतली, जीव खाऊन लाथ मारली आणि बूट गोलात गेला. बॉल जागेवर. बूट मात्र वरच्या कोपऱ्यात, गोलकीपरच्या हातांच्या वरून, आतापर्यंत पाहिलेल्या गोलांत सगळ्यांत देखणा म्हणावा असा.

मग तुम्ही मैदानात. रेफरी इजिप्तचा, बिचारा शांत माणूस. त्याला तुमची हिंदी कळत नव्हती, आणि खरं सांगू, ती हिंदी आम्हालाही कळत नव्हती. "गोल में क्या गया? बूट गया ना? बूट किसका? खेळाडू का! मंग?" तो दोन्ही हात वर करून म्हणत होता, "खलास, या अखी, खलास!" म्हणजे अरबीत 'पुरे, बाबा, पुरे', आणि तुम्ही आमच्याकडे वळून विजयी चेहऱ्याने सांगत होतात, "खल्लास म्हणतोय बघा, कबूल केलं त्यानं." त्याने तुम्हाला लाल कार्ड दाखवलं. प्रेक्षकाला लाल कार्ड मिळालेली आपल्या स्पर्धेतली ही एकमेव घटना. तुम्ही ते गौरवाचंच मानलंत.

दुसऱ्या वर्षी मंगेशने सेमीफायनलमध्ये आपल्याच गोलात बॉल घातला, आणि तोही अगदी व्यवस्थित, बूट पायात ठेवून. तुम्ही म्हणालात, "नेम सुधारला का न्हाई?" तिसऱ्या वर्षी तुम्ही स्पर्धेच्या कमिटीला विचारलंत की कोल्हापुरी चप्पल बुटात धरतात का. आणि केदार? तो प्रत्येक वर्षी आपल्याविरुद्ध गोल करायचा आणि करून झाल्यावर आपल्या बाजूला बघून नम्रपणे मान झुकवायचा. शत्रूने नम्र असू नये हो, फार त्रास होतो.

तीन वर्षं संपली तेव्हा आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. ड्राफ्टला तुम्ही उठलात, शर्ट खाली ओढलात आणि म्हणालात, "मंगेश." मी तुमच्याशी बोलणं टाकलं. तुम्ही शोभावहिनींच्या हाती पांढऱ्या रश्श्याचा डबा पाठवलात. मी डबा रिकामा करून परत पाठवला, पण आभाराची चिठ्ठी पाठवली नाही. तेवढा राग मी पाळला.

तेव्हापासून ड्राफ्ट झाला की त्या संध्याकाळी तुमच्या घरी जेवण, हा रिवाजच पडला. तांबडा, पांढरा, आणि मंगेशच्या निवडीवर शोक. सगळी सलवा जमायची. मंगेशही यायचा, भाकऱ्या वाढायचा आणि स्वतःचीच गोष्ट ऐकून सगळ्यांत जास्त हसायचा. तो बूट दरवर्षी थोडा लांब जायचा. आधी गोलात गेला होता, मग जाळी फाडून गेला, मग कुंपणावरून पार्किंगमध्ये, मग कुणा कुवेती शेखच्या गाडीच्या काचेवर. गेल्या वर्षी तर शेखने उतरून मंगेशला नोकरी देऊ केली, इथपर्यंत प्रकरण पोचलं होतं. आणि शेवटी मी तुम्हाला विचारायचे, "भाऊ, एकदा म्हणा ना, चुकलो. एवढंच म्हणा, मी पुन्हा विषय काढणार नाही." तुम्ही हाडूक चोखत म्हणायचात, "वहिनी, हिशोब तुम्ही बघा. पाय मी बघतो."

एकदा मात्र तुम्ही मला या भांडणानेच वाचवलंत, ते कधी बोलले नाही. माझी आई गेली तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती. मी इथे सलवात आणि ती तिकडे, शेवटचं तोंडसुद्धा फोनवर पाहिलेलं. दोन दिवस मी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही आलात, दारातच उभे राहिलात. सांत्वनाचं काहीतरी बोलाल म्हणून मी तोंड फिरवलं. तुम्ही म्हणालात, "वहिनी, मंगेशला यंदा पण ठेवतो म्हणतोय."

स्पर्धा बंद. मैदानं बंद. दुकानंसुद्धा अर्धी बंद. आणि हा माणूस ड्राफ्टचं बोलतोय! मला इतका संताप आला की मी उठून बसले. केदारचे सगळे गोल मी तुम्हाला ओळीने ऐकवले. तुमची पेठ काढली, तुमची पारख काढली, तुमच्या त्या म्हाताऱ्या माणसांनाही सोडलं नाही. तुम्ही दारातूनच एकेक मुद्दा खोडत होतात आणि शोभावहिनींनी आत येऊन माझ्यापुढे ताट कधी ठेवलं ते मला कळलंही नाही. भांडता भांडता मी जेवले. तुम्ही गेल्यावर रिकामं ताट बघून रडले, आणि ते रडणं मला हवं होतं. भाऊ, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. हे समोर म्हटलं असतं तर तुम्ही लगेच म्हणाला असतात, "मग मंगेशबद्दल काय म्हणता?"

शेवटचं बोलणंही तेच. फोनवर. मी म्हटलं, यंदा केदारची फहाहीलची मुदत संपतेय, तो पुन्हा ड्राफ्टमध्ये येतोय. आता तरी घ्या आणि मोकळे व्हा. तुम्ही म्हणालात, "बघू की, घाई काय हाय." त्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसात खुर्चीवरच गेलात. घाई तुम्हाला होती, भाऊ.

मंगेश शुऐबाहून तसाच कामाच्या कपड्यांत आला. तुम्हाला कोल्हापूरला पाठवायची सगळी धावपळ आमच्या ह्यांनी केली खरी, पण प्रत्येक कचेरीच्या खिडकीपाशी मंगेश कागद धरून त्यांच्यामागे उभा होता. विमानतळावर त्याने मला एवढंच म्हटलं, "दादा माका कधी वायट बोलूक नाय, वहिनी. एकदापण नाय."

मग ड्राफ्ट आला. कमिटीने विचारलं, सलवातर्फे कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाबरले. इतकी वर्षं मी तुमच्या डोक्यावर बसून केदार, केदार करत होते, आता ते खरंच करून दाखवायची वेळ आली. तुमचंच पुढे चालवायचं की तुम्ही चूक होतात हे सगळ्या कुवेतपुढे जाहीर करायचं? आणि तेही तुम्ही उलट उत्तर द्यायला नसताना? रात्रभर कूस बदलत राहिले, आमचे हे म्हणाले, "अगं, फुटबॉल आहे, पंतप्रधान नाही निवडायचाय."

तळघराच्या जिन्यातच मंगेशने मला गाठलं. "वहिनी, माका घेव नकात. दादा होते म्हणान मी होतंय."

मी म्हटलं, "मी घेणारच नव्हते."

"मगे बरां," तो म्हणाला आणि इतका मोकळा हसला की मलाच वाईट वाटलं.

पहिली चिठ्ठी आपलीच निघाली. मी उठले, ओढणी नीट केली आणि म्हटलं, "केदार." सगळ्या तळघराने टाळ्या वाजवल्या. सलवावाले तर उभे राहिले. पण सगळ्यांत जोरात टाळ्या फहाहीलवाले वाजवत होते, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या मॅचला शोभावहिनी आल्या. त्या घर आवरायला परत आल्यात, महिन्याअखेरीस कायमच्या जाणार. सगळे दिवस डबे, खोकी, कागद. बोलणं नाही, रडणं नाही. मी ओढून आणलं त्यांना. खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर धरून, बस यायची वाट बघत असल्यासारख्या. मंगेशला कुठल्याच टीमने घेतलं नव्हतं, तो आमच्यात येऊन बसला.

आणि केदार मैदानात आला. भाऊ, तुम्ही त्याला अलीकडे पाहिलं होतंत का? मी तरी कुठे पाहिलं होतं, मला तो माझ्या डोक्यातलाच दिसत होता. पोट सुटलंय. गुडघ्याला मांडीपर्यंत पट्टा. पहिला बॉल आला, त्याने डाव्या पायाने तोच जुना झोक दिला, समोरचा बॅक फसला, बॉलही निघाला, पण केदार तिथेच राहिला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर हळू चाला म्हणालेत, असं त्याने मग सांगितलं. दहा मिनिटांत तो आमच्या शेजारी बसून पायावर बर्फ ठेवत होता. "वहिनी, तुम्ही एवढ्या विश्वासाने घेतलंत, मला नाही म्हणवेना," असं म्हणाला. अजून नम्रच आहे. आणि तुमच्या नियमाने तो तीन वर्षं आपला आहे.

मी वाट बघत होते की आता कुणीतरी मला सोलून काढेल. सगळे म्हणाले, "होतं असं, वहिनी." "जाऊ द्या, वहिनी." इतकी माया की अंगावर काटा आला. तुम्ही असतात तर खुर्चीवर उभे राहून नाचला असतात, पुढची दहा वर्षं मला जगणं नको केलं असतंत. मला ते हवं होतं हो. समजूतदारपणाने माझं काय होणार?

मी शोभावहिनींकडे वळले. म्हटलं, "वहिनी, खरं सांगा. मंगेशला घेऊन चुकलो, असं भाऊ घरी तरी कधी म्हणाले?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग केदारच्या गुडघ्याकडे पाहिलं. "कधी काय," त्या म्हणाल्या, "त्याच पहिल्या दिवशी घरी आले आणि कॉटवर आडवे पडून म्हणाले, शोभा, लई मोठी चूक झाली. आणि मग दरवर्षी. मी म्हणायची, मग सांगून टाका की वहिनींना एकदा. तर म्हणायचे, खुळी का काय तू? चुकलो म्हटलं की भांडण मिटलं. मग ही एवढी माणसं आपल्याकडं जेवाय कशाला येतील?"

बोलता बोलता त्यांना हसू आलं. हसता हसता त्या रडल्या, पर्स बाजूला पडली, आणि मैदानावर सलवावर आणखी एक गोल झाला तरी आम्ही दोघी एकमेकींना धरून बसलो होतो. भाऊ, इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी मी तुमच्या मागे लागले होते, तो मला मिळाला. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. घर रिकामं झाल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं: "केदारची निवड शंभर टक्के बरोबर आहे. गुडघा सुधारेल. ज्यांना पटत नसेल त्यांनी शुक्रवारी माझ्या घरी जेवायला येऊन तोंडावर बोलावं."

सगळे आले, भाऊ. शोभावहिनी दुपारपासूनच येऊन माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन बसल्या, मला मसाल्याला हात लावू दिला नाही. मंडळी सुरुवातीला बिचकत होती. मी म्हटलं, केदारचा एक पाय मंगेशच्या दोन पायांना भारी आहे. केदार मान खाली घालून रस्सा ओरपत होता. तेवढ्यात मंगेश, जो इतकी वर्षं स्वतःच्या निवडीवर हसत आला होता, तो भाकरीची टोपली धाडकन खाली ठेवून उभा राहिला.

"वहिनी, तेच्यापेक्षा मी बरो होतंय!"

मग जो कालवा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. मी म्हटलं, मुळीच नाही, आणि त्याच्या पानात आणखी भात वाढला.